जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी तो नेमका कुठे अडतो ते बघा

यंदा दिवाळीला गावी, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीला गेलो. बॅग खाली ठेवायच्या आतच काकांनी विचारलं, "तू कॉम्प्युटरवालाच आहेस ना गा? मंग आमचा हा डब्बा पाय बरं एकदा." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणजे दिवसभर कोड लिहितो. पण गावात त्याचा अर्थ प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत काहीही दुरुस्त करणारा माणूस असाच होतो. त्याला इलाज नाही.

डब्बा म्हणजे २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप. ड्युअल कोअर प्रोसेसर, २ जीबी रॅम, विंडोज ७. मोठ्या चुलत भावाच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेला. आता त्यावर चुलत बहीण मराठी टायपिंगचा सराव करते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा तिला द्यायची आहे आणि तो सराव फोनवर होत नाही, त्याला खरा कीबोर्डच लागतो. दुसरी गोष्ट जास्त नाजूक होती. आजी गेली २०१७ मध्ये. तिचे डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले सगळे फोटो या एकाच हार्डडिस्कवर होते. दुसरीकडे कुठेच नाहीत.

बाहेरगावच्या एका दुकानात काका कॉम्प्युटर घेऊन गेले होते. तिथे सांगितलं, विंडोज उडालं, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा राहणार नाही. काकांनी डब्बा तसाच मोटरसायकलवर बांधून परत आणला. ते मला म्हणाले, "टायपिंग होईल कुठंबी. फोटो कुठून आनू?"

शेवटी बिघाड निघाला चाळीस रुपयांचा. तो कसा सापडला ते सांगतो, कारण तुमच्याही घरात असा एखादा डब्बा कापड झाकून ठेवलेला असेल.

पहिला प्रश्न: तो कुठवर पोहोचतो?

तुमचा फोन कधी बूटलूपमध्ये अडकलाय का? कंपनीचा लोगो येतो, फोन बंद होतो, पुन्हा लोगो येतो. अशा वेळी फोनची बॅटरी, डिस्प्ले, बटण हे सगळं ठीक आहे हे आपल्याला न उघडताच कळतं, कारण लोगो दिसतोय. कॉम्प्युटरचंही अगदी तसंच आहे. तो सुरू होतो म्हणजे एकामागून एक टप्पे पार करतो. आधी एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा, मदरबोर्डला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवतो. मग बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेला बायोस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो आणि रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड जागेवर आहेत का ते तपासतो. या तपासणीला पोस्ट म्हणतात. सगळं ठीक असेल तर बायोस हार्डडिस्ककडे जातो, तिथला सुरुवातीचा भाग वाचतो आणि पुढचं काम विंडोजच्या हातात देतो.

म्हणून "सुरू होत नाही" एवढं सांगून काही कळत नाही. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, बीप वाजते का, अक्षरं दिसतात का, विंडोजचा लोगो येतो का? जिथे गाडी थांबते त्याच्या आधीचे टप्पे बहुधा ठीक असतात. बिघाड तिथेच किंवा लगेच पुढे शोधायचा. पहिल्यांदा सुरू करून बघताना फोनवर सरळ व्हिडिओ काढा. स्क्रीनवर अर्धा सेकंद येऊन जाणारी ओळ नंतर थांबवून वाचता येते. मला याचा फार उपयोग झाला.

बटण दाबलं तरी काहीच नाही

आमच्याकडे हा प्रकार नव्हता, पण सगळ्यात जास्त विचारला जातो तो हाच. आधी त्याच सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून बघा. हसू नका, निम्म्या वेळा एक्स्टेंशन बोर्डच गेलेला असतो. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचं स्वतःचं एक छोटं स्विच असतं, तेही बघा. मग पिन काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल, आणि पुन्हा लावून बघा. फोन हँग झाला की बटण दाबून धरतो, त्यातलाच प्रकार.

तरी नाहीच, तर पुढचं बटण खराब किंवा एसएमपीएस गेलेला. आपल्याकडे धान कापणीच्या दिवसांत व्होल्टेज कधी वर, कधी खाली. त्यात पहिला बळी एसएमपीएसचा जातो. ओळखीच्याकडचा चालू एसएमपीएस लावून बघणं हा सोपा उपाय. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: एसएमपीएसचा डबा स्वतः उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो. तो बदलायचा, उघडायचा नाही.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

आमचा डब्बा पहिल्या संध्याकाळी इथे अडला. दिवा लागला, पंखा गरगरला, स्क्रीन काळीच. दुकानात तर विंडोजपर्यंत जात होता म्हणे, मग आता हे काय नवीन?

इथे एक झटपट परीक्षा आहे. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर आतून जिवंत आहे, अडचण मॉनिटरची किंवा केबलची आहे. दिवा हलत नसेल तर कॉम्प्युटर पोस्टमध्येच अडकलाय. आमचा दिवा हलत नव्हता. त्यात एक लांब बीप थांबून थांबून वाजत होती. बीपची भाषा प्रत्येक बायोस कंपनीची वेगळी असते, पण अशी पुन्हा पुन्हा वाजणारी लांब बीप बऱ्याच बोर्डांवर रॅमकडे बोट दाखवते.

पिन काढली, कॅबिनेटची बाजूची पत्री उघडली आणि आतून धूळ बाहेर आली. खोली अंगणाला लागून, अंगणात धानाची मळणी, म्हणजे तेरा वर्षांचा बारीक भुसा पंख्यात बसलेला. मऊ ब्रशने धूळ काढली. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज चिपवर उतरत नाही.

रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून काढली. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, चुरा झटकला आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवली. हा उपाय ऐकायला गावठी वाटतो, पण त्यामागे कारण आहे: त्या पट्ट्यांवर मळ आणि ऑक्साइडचा थर बसतो आणि जोड नीट होत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची, म्हणजे खराब कोणती ते कळतं. आमच्याकडे बहुधा मोटरसायकलच्या हादऱ्यांनी पट्टी सैल झाली होती. स्क्रीनवर अक्षरं उमटली. काकू म्हणाल्या, "झाला वाटते जी!" झाला नव्हता.

एफ१ दाबा म्हणणारी ओळ

स्क्रीनवर एक इंग्रजी ओळ आली: सीमॉसची बेरीज चुकली आहे, पुढे जायला एफ१ दाबा. मी एफ१ दाबलं आणि पुढे गेलो. ही माझी चूक. बहिणीने सांगितलं, "ते तर दिवाळीच्या आधीपासून येते दादा, आम्ही रोज एफ१ दाबतो." तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सीमॉस म्हणजे बायोसच्या सेटिंग जपून ठेवणारी चिमुकली मेमरी. वीज गेली तरी ती शाबूत राहावी आणि घड्याळ चालत राहावं म्हणून मदरबोर्डवर नाण्याएवढा लिथियम सेल असतो. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये हा प्रकार नव्हता. सुरू केला की तो दर वेळी तारीख-वेळ विचारायचा. सेलवर चालणारं घड्याळ आणि सेटिंगची मेमरी आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटीमध्ये दिली. आज बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ हा सेल असतो. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. ताकद ३ व्होल्ट.

कॉम्प्युटरच्या सॉकेटचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. पण आपल्या घरांत रात्री बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते, शिवाय वीज जाते ती वेगळीच. मग सगळा भार या सेलवर येतो आणि तो काही वर्षांत संपतो. संपला की घड्याळ बोर्ड बनलेल्या सालाच्या आसपास जाऊन थांबतं. आमचं २०११ दाखवत होतं. तारीख चुकली की ब्राउझरमध्ये बऱ्याच साइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत, कारण सुरक्षेचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. फोनची तारीख मुद्दाम चुकवून बघा, तिथेही हेच होईल.

पण घड्याळ मागे जाणं हा छोटा त्रास झाला. सेल संपल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंगही कारखान्यातल्यासारख्या होतात. खरी गोम तिथे होती.

लोगो येतो, विंडोज येत नाही

विंडोज ७ चा लोगो आला, निळी स्क्रीन चमकून गेली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू. मग पुन्हा तेच.

या टप्प्यावर आधी सगळे पेनड्राइव्ह, कार्ड काढून टाका. कित्येकदा बायोस हार्डडिस्कऐवजी विसरलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला बघतो आणि "बूट करण्यासारखं काही सापडलं नाही" म्हणून थांबतो. मग बायोसमध्ये हार्डडिस्कचं नाव दिसतं का बघा. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बायोस उघडतो. नाव दिसत नसेल तर कॉम्प्युटर बंद करून डिस्कच्या दोन्ही केबल काढून घट्ट लावा. आणि कान द्या. डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. तो आवाज म्हणजे आतलं हेड जागा सापडत नसल्याने पुन्हा पुन्हा धडपडतंय. अशी डिस्क जितकी चालवाल तितका डेटा घालवाल. ती डेटा परत मिळवणाऱ्यांचीच केस.

आमची डिस्क शांत होती, नावही दिसत होतं. मी सेफ मोड लावून बघितला, तोही नाही. मग विंडोजचं स्टार्टअप रिपेअर चालवलं आणि तासभर फिरणारं वर्तुळ बघत बसलो. शेवटी ते म्हणालं, आपोआप दुरुस्त होणार नाही. दुकानदाराने बहुधा इथवरच येऊन फॉरमॅट सांगितला असणार. खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे दिवसाला असे पाच डब्बे येतात आणि फॉरमॅट तासाभरात होतो. त्या डिस्कवर आजी आहे हे त्याला कुठे माहीत?

आधी फोटो बाहेर

दुरुस्तीची पुढची खटपट करण्याआधी मी थांबलो आणि फोटो बाहेर काढायचं ठरवलं. ही गोष्ट खरं तर पहिल्याच तासात करायला हवी होती. चेकडिस्क वगैरे डिस्कवर लिहिणारे उपायही यानंतरच, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते उलटे पडू शकतात.

विंडोज बंद पडलं म्हणजे फाइल गेल्या असं नाही. घराचं कुलूप बिघडलं तरी आतलं सामान तिथेच असतं. आपल्याला फक्त दुसऱ्या दाराने आत जायचंय, आणि ते दार म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स. माझा लॅपटॉप पुण्याला राहिला होता, म्हणून हा पेनड्राइव्ह मी फोनवरच बनवला. अँड्रॉइडवर एचड्रॉइड नावाचं मोफत ॲप आहे. लुबुंटूची फाइल डाउनलोड केली (दोन-तीन जीबीच्या पुढे असते, रात्रीचा डेटा वापरा), ओटीजी केबलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह फोनला लावला आणि ॲपने ती फाइल त्यावर लिहिली. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, रिकामाच घ्या. विंडोजचा पेनड्राइव्ह मात्र या पद्धतीने बनत नाही, त्याची फाइल वेगळ्या बांधणीची असते.

बायोसमधून पेनड्राइव्ह पहिल्या क्रमांकावर आणला. लुबुंटू वर आलं की दोन वाटा असतात: नुसतं वापरून बघणं आणि इन्स्टॉल करणं. इन्स्टॉलला हात लावायचा नाही. तो डिस्क पुसून टाकू शकतो, म्हणजे फॉरमॅटवाल्या दुकानदाराला आपण उगाच नावं ठेवली असं व्हायचं. वापरून बघण्याच्या वाटेने गेलं की पेनड्राइव्ह आणि रॅमवरच सगळं चालतं. २ जीबी रॅमवर ते कासवासारखं चाललं, पण चाललं. फाइल मॅनेजरमध्ये हार्डडिस्क दिसली, त्यात काकांच्या नावाचं फोल्डर, त्यात २०१२ पासूनची सालं.

काका शेजारी खुर्ची ओढून बसले. पहिला फोटो उघडला तो धानाच्या पुंजण्याजवळ उभ्या आजीचा, हातात विळा, कॅमेऱ्यावर चिडलेली. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पुढचा लाव." दोन तास कॉपी चाललं होतं आणि तेवढा वेळ कुणी उठलं नाही. सगळं माझ्या पोर्टेबल डिस्कवर घेतलं. ती नसेल तर फोन यूएसबी केबलने लावून त्यावरही घेता येतं.

आणि मग चाळीस रुपये

रात्री झोपताना प्रश्न पडला. डिस्कवरच्या सगळ्या फाइल विनातक्रार वाचता येतात, म्हणजे डिस्क ठीक. मग विंडोजलाच ती का दिसत नाही?

सकाळी विंडोज सुरू होण्याआधी एफ८ दाबत राहिलो आणि येणाऱ्या यादीतून "बिघाडानंतर आपोआप रीस्टार्ट करू नका" हा पर्याय निवडला. निळी स्क्रीन आता थांबली. (विंडोज १० आणि ११ मध्ये एफ८ असं सरळ चालत नाही; तिथे सुरू होणं लागोपाठ फसलं की दुरुस्तीची स्क्रीन आपोआप येते.) कोडच्या शेवटी ७बी होतं. हा कोड म्हणतो: ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती मला गाठता येत नाही.

आता ती एफ१ वाली ओळ आठवली. बायोस हार्डडिस्कशी दोन पद्धतींनी बोलू शकतो: जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. विंडोज ७ ज्या पद्धतीवर इन्स्टॉल होतं तिचाच ड्रायव्हर सुरुवातीला चालू ठेवतं, दुसरा बंद करतं. आमचं विंडोज एएचसीआयवर टाकलेलं होतं. सेल संपला, बायोस मूळ सेटिंगवर गेला, आणि या बोर्डाची मूळ सेटिंग होती आयडीई. म्हणजे विंडोज शाबूत, डिस्क शाबूत, दोघांची भाषा तेवढी बदललेली. लिनक्सकडे दोन्हींचे ड्रायव्हर तयार असतात, म्हणून त्याला काही फरक पडला नाही.

गावातल्या घड्याळाच्या दुकानात सीआर२०३२ चाळीस रुपयांना मिळाला. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्येही हाच असतो. पिन काढून जुना सेल खिट्टीतून सोडवला, नवा अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवला. बायोसमध्ये जाऊन तारीख लावली, साटा मोड आयडीईवरून एएचसीआय केला, एफ१० दाबून सेव्ह केलं. विंडोज पहिल्या झटक्यात आलं.

तुमच्याकडे असं झालं तर काही बदलण्याआधी बायोसच्या त्या पानाचा फोनने फोटो काढा. मग दुसरा मोड लावून बघा, फरक पडला नाही तर परत होतं तसं करा. या दोनमध्ये अदलाबदल केल्याने डेटा पुसला जात नाही. रेड नावाचा तिसरा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका.

पुढे या डब्ब्याचं काय

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम व टीपीएम २.० लागतं, म्हणजे या मशीनवर तो विषयच नाही. म्हणून बहिणीला सांगितलं, टायपिंगचा सराव खुशाल कर, पण याला इंटरनेट लावायचं नाही, बँक आणि फॉर्म तर नाहीच नाही. पुढच्या खेपेला रॅम वाढवून आणि साधी एसएसडी टाकून त्यावर लिनक्स लावेन. तेरा वर्षांच्या हार्डडिस्कवर माझा फार भरवसा नाही. फोटोंची एक प्रत माझ्याकडे, एक काकांच्या पेनड्राइव्हवर, तो त्यांनी कपाटात सातबाऱ्याच्या फाइलसोबत ठेवलाय.

पत्री बंद करण्याआधी आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवली: "सेल बदलला, दिवाळी २०२५. साटा मोड एएचसीआय. बदलू नये." काकांनी ती वाचली आणि विचारलं, "मंग रात्री बोर्डाचं बटन चालू ठेवू का बंद?" मी म्हणालो, विजा चमकत असतील तर पिनच काढा, एरवी राहू द्या चालू.